आयसीयूतला भ्रम आणि आपली तीमारदारी



घरात कोणी आजारी पडलं की आपल्याकडे दोन शब्द येतात, अयादत आणि तीमारदारी. अयादत म्हणजे आजाऱ्याची विचारपूस करायला जाणं, तीमारदारी म्हणजे उशाशी बसून त्याची सेवा करणं. पहिली आपण भरपूर करतो. जळगावच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या जिन्यावर पाहा, एका पेशंटमागे पंधरा-वीस माणसं बसलेली असतात. दुसरीच्या बाबतीत मात्र, पेशंट आयसीयूत गेला की आपण हात टेकतो. आता जे करायचं ते मशीन करतील, डॉक्टर करतील, आपण बाहेर बसून दुआ करायची, असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरलं होतं. ते किती अपुरं होतं, हे या महिन्यात सांगायचं आहे.

माझे अब्बा पहूरला चाळीस वर्षं शिलाईचं काम करत होते. वय अठ्ठ्याहत्तर. थंडीत खोकला झाला, दुर्लक्ष झालं, आणि न्यूमोनिया छातीत उतरला. जळगावच्या एका खासगी दवाखान्यात त्यांना आयसीयूत ठेवलं. दाखल करताना त्यांचा चष्मा, कानाचं मशीन, कवळी, घड्याळ आणि टोपी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली गेली. आत हरवेल, तुमच्याकडे ठेवा, असं सांगितलं. मी पिशवी पर्समध्ये टाकली आणि विसरले.

दोन दिवस ताप उतरत होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आत गेले तर अब्बा मला ओळखेनात. मला त्यांच्या मरहूम बहिणीच्या नावाने हाक मारू लागले. “पीजे निघून जाईल, मला उठू दे, जामनेरला जायचंय,” असं म्हणत उठू लागले. आमच्या गावावरून जाणारी पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी २०२० पासून बंद आहे. बोटांनी ते चादर सारखी खुडत होते, जणू कापडातला धागा ओढताहेत. सलाइनची सुई त्यांनी दोनदा उपटली, म्हणून त्यांचे हात बँडेजच्या पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधले होते. ते पाहून माझे पाय लटपटले.

याहून वाईट पुढे होतं. भाईजान माझ्या शेजारी उभे होते. अब्बा त्यांच्याकडे पाहून म्हणाले, “छोटे ने अंगूठा लिया मेरा. घर बेच दिया. दवा में कुछ मिलाके देता है.”

बाहेर आल्यावर ज्याला जे सुचलं ते तो बोलला. फुप्पी म्हणाल्या, हा असर आहे, कुणा आमिलला बोलवा. एक शेजारी म्हणाले, म्हातारपणात डोकं फिरतं. आणि भाईजानांनी धाकट्याला सगळ्यांसमोर विचारलं, “घराचे कागद कुठे आहेत?” धाकटा काही न बोलता उठला आणि शेवटच्या बसने पहूरला निघून गेला. ज्याने दोन रात्री जिन्यावर काढल्या होत्या, तोच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी आम्हाला समजावलं. हे वेड नाही, असर नाही, आणि बहुतेक वेळा कायमचंही नसतं. याला डिलिरियम म्हणतात, आजाराच्या माऱ्याने मेंदू काही काळ गोंधळतो. मग एका वयस्कर सिस्टरने मला विचारलं, “बाबांना चष्मा आहे का? ऐकू नीट येतं ना?” मी पर्स उघडली. तीन दिवस त्यांचे डोळे, कान आणि दात माझ्या पर्समध्ये होते.

हा आजार नवा नाही

आपली जुनी माणसं म्हणत, “तापात बरळतोय”, “वात झालाय”. उर्दूत यासाठी सरसाम हा शब्द आहे. सर म्हणजे डोकं, साम म्हणजे सूज. तापाबरोबर भान हरपणाऱ्या या अवस्थेचं वर्णन इब्न सीना यांनी हजार वर्षांपूर्वी केलेलं आहे. म्हणजे हा दवाखान्याने लावलेला रोग नव्हे. पण आयसीयू ही याला फार सोयीची जागा आहे. तिथे खिडकी नाही, चोवीस तास दिवे, मशीनचे आवाज, दर तासाला कोणीतरी हात लावणार, आणि एकही चेहरा ओळखीचा नाही. त्यात ताप, कमी पडलेला ऑक्सिजन, वेदना, अंगातलं पाणी किंवा क्षार कमी होणं, झोपेची काही औषधं, तुंबलेली लघवी, साधा बद्धकोष्ठ, यातलं काहीही वयस्कर माणसाचा मेंदू गोंधळवायला पुरतं.

ओळखायचं कसं? हा भ्रम काही तासांत किंवा दिवसभरात अचानक येतो, आणि चढउतार होतो. सकाळी माणूस ठीक बोलतो, संध्याकाळी भलतंच. लक्ष एका जागी टिकत नाही. स्मृतिभ्रंश महिनोन् महिने हळूहळू वाढतो, हा एकदम येतो. आणखी एक महत्त्वाचं म्हणजे याचा एक शांत प्रकारही असतो. पेशंट ओरडत नाही, नुसता पडून राहतो, डोळे कुठेतरी लागलेले, हाक मारली तर उशिरा ओ देतो. आपण म्हणतो, “आज छान शांत झोपलेत.” हाच प्रकार सर्वांत जास्त नजरेतून सुटतो. घरच्या माणसाला पेशंटचा स्वभाव माहीत असतो. “हे असे नाहीत हो” हे वाक्य आपण सिस्टरला किंवा डॉक्टरांना लगेच सांगायला हवं.

याला हलकं समजू नये. अमेरिकेतले डॉ. वेस्ली ईली आणि त्यांचे सहकारी पंचवीस वर्षांहून जास्त काळ यावर काम करत आहेत. २०१३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ८२१ गंभीर रुग्णांच्या अभ्यासात ७४ टक्के रुग्णांना दवाखान्यात असताना कधी ना कधी हा भ्रम झाला होता. भ्रम जितका लांबला, तितकी वर्षभरानंतरही स्मरणशक्ती आणि विचारशक्ती कमी आढळली. म्हणजे तो लवकर ओसरणं हे पुढच्या आयुष्यासाठी गरजेचं आहे.

गोळी-इंजेक्शनने का जात नाही?

मी डॉक्टरांना हेच विचारलं. त्यांचं उत्तर असं की, आधी मूळ कारण शोधून त्यावर उपचार करायचा, मग तो जंतुसंसर्ग असो, ऑक्सिजन असो की वेदना. भ्रमावर म्हणून वर्षानुवर्षं हॅलोपेरिडॉल हे औषध देत आले. २०१८ साली ५६६ रुग्णांवरचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात हॅलोपेरिडॉल, दुसरं एक औषध आणि नुसतं बिनऔषधाचं पाणी यांची तुलना केली, तर भ्रमाचे दिवस तिन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. पेशंट स्वतःला इजा करून घेईल इतका खवळला तर थोड्या वेळासाठी औषध लागतं, ते डॉक्टर ठरवतील. पण सरसकट औषध नको, त्याऐवजी झोप, हालचाल, चष्मा, कानाचं मशीन, ओळखीची माणसं हे सगळं एकत्र करा, असं त्याच वर्षीच्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आलं.

याची पायाभरणी त्याआधीच झाली होती. १९९९ साली डॉ. शेरॉन इनोये यांनी अमेरिकेत सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे रुग्ण आयसीयूतले नव्हते, साध्या वॉर्डातले होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्यासोबत दिवस-वेळ सांगणं, चालवणं, पाणी पाजणं, रात्री शांतता, चष्मा आणि ऐकण्याची सोय हे सगळं मिळालं. नेहमीच्या गटात १५ टक्क्यांना भ्रम झाला, दुसऱ्या गटात ९.९ टक्क्यांना. पण एकदा भ्रम झाल्यावर त्याची तीव्रता कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी पर्स उघडण्यापेक्षा पहिल्या दिवशी उघडणं बरं.

आपल्या इतिहासातही याची आठवण आहे. १४८८ साली तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहरात सुलतान बायजीद दुसरे यांनी दारुश्शिफा उभारला. मधोमध पाण्याचं कारंजं, वर घुमट, आणि रुग्णांसाठी ठरलेल्या दिवशी संगीत. सतराव्या शतकातले प्रवासी एवलिया चेलेबी यांनी त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. औषधाबरोबर मनाला शांत करणारी जागा आणि आवाजही हवा, हे त्यांना कळलं होतं.

२०२० ने काय शिकवलं

कोविडच्या काळात आपल्या माणसाला आत एकटं सोडणं काय असतं, हे जळगाव जिल्ह्याने पाहिलं आहे. जून २०२० मध्ये जळगावच्या सरकारी कोविड रुग्णालयातून ८२ वर्षांच्या एक आजी बेपत्ता झाल्या. आठ दिवसांनी त्यांचा मृतदेह तिथल्याच शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. म्हाताऱ्या पेशंटजवळ त्याचं कोणीच नसलं तर काय होऊ शकतं, ते आठवून आजही अंगावर काटा येतो.

त्याच साथीत १४ देशांतल्या ६९ आयसीयूंमधल्या २,०८८ कोविड रुग्णांची माहिती जमवली गेली. निम्म्याहून जास्त रुग्णांना भ्रम झाला होता. ज्यांना घरच्यांची भेट मिळाली, अगदी व्हिडिओ कॉलवरही, त्यांच्यात तो कमी आढळला. याउलट ब्राझीलमधल्या ३६ आयसीयूंत भेटीची वेळ बारा तासांपर्यंत वाढवून पाहिली, तेव्हा भ्रमात फारसा फरक पडला नाही. नातेवाइकांची घालमेल आणि उदासी मात्र कमी झाली. मी यातून एवढाच अर्थ घेते की नुसतं बसून राहणं पुरेसं नसेल, बसून काय करतो हे बघायला हवं.

मग काय करायचं?

पहिली गोष्ट चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी. पिशवी घरी नेऊ नका. डबीवर नाव लिहा आणि “हे त्यांना कधी लावता येईल?” असं सिस्टरला रोज विचारा. तोंडात नळी असेल तर कवळी चालणार नाही, पण चष्मा बहुधा चालतो. कानाच्या मशीनची बॅटरी तपासा.

दुसरी गोष्ट वेळ. आयसीयूत दिवस-रात्र कळत नाही. आपल्याकडे मात्र पाच वेळांचं घड्याळ आहे. मी अब्बांजवळ गेले की आधी माझं नाव सांगायची, मग जागा, मग वेळ. “अब्बा, मैं आपकी बेटी. आप जलगाँव के दवाखाने में हो. छाती में इन्फेक्शन हुआ था, अब कम है. असर का वक्त हो गया, बाहर धूप उतर गई.” रोज, प्रत्येक भेटीत, तेच. ज्याने सत्तर वर्षं फजर ते इशा अशी दिवसाची मोजणी केली, त्याला “सायंकाळचे पावणेपाच” यापेक्षा “असर” लवकर कळतं. समोर मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि कॅलेंडर लावू देतात का, तेही विचारा.

तिसरी गोष्ट भाषा. सिस्टर बिचाऱ्या मराठीत किंवा हिंदीत बोलतात. अब्बांना दोन्ही येतं, पण गोंधळलेल्या मेंदूला घरची बोलीच लागते. आमच्या जामनेर, यावल, रावेर भागातल्या तडवी कुटुंबांतल्या म्हाताऱ्या बायांना तर दवाखान्याची भाषा एरवीही परकी वाटते. म्हणून त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलणारं कोणीतरी हवं. आत जाता येत नसेल तर घरच्यांच्या आवाजातले दोन-दोन मिनिटांचे निरोप मोबाइलवर रेकॉर्ड करून सिस्टरला ऐकवायला सांगा. अमेरिकेत तीस रुग्णांवर असा छोटा प्रयोग झाला. घरच्या आवाजातले निरोप ऐकणाऱ्यांचे भ्रमाविना दिवस जास्त होते.

चौथी गोष्ट झोप. रात्री पेशंटला भेटण्याचा हट्ट धरू नका. दिवसा पडदा उघडा, उजेड येऊ द्या. रात्री दिवा मंद करता येईल का, कानात बोळे आणि डोळ्यांवर पट्टी चालेल का, विचारा. रात्रीचे जे काम सकाळवर ढकलता येतं ते ढकलायला डॉक्टर बरेचदा तयार असतात, फक्त कुणीतरी विचारावं लागतं.

पाचवी गोष्ट हालचाल. “आराम करू द्या” हे नेहमी बरोबर नसतं. २००९ साली १०४ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हेंटिलेटरवर असतानाच रोज थोडा वेळ झोपेचं औषध थांबवून ज्यांना लवकर व्यायाम करवला, उठवून बसवलं, त्यांच्यात भ्रम दोन दिवस राहिला. इतरांत चार दिवस. हे फिजिओथेरपिस्टचं काम आहे, आपण परस्पर उठवायचं नाही. आपण एवढं विचारायचं, “आज त्यांना बसवता येईल का?”

सहावी गोष्ट, वाद नको. अब्बा पीजेची गाडी म्हणाले तेव्हा “गाडी बंद झाली, काहीही बोलू नका” म्हणून काही साधत नाही. खोटं “चला, जाऊ” म्हणूनही नाही. “गाडी आठवतेय का अब्बा? आत्ता आपण दवाखान्यात आहोत, मी इथेच आहे,” एवढं पुरतं. हात हातात घ्या. आपण शेजारी बसून हात धरत असू तर “आता पट्टी सोडता येईल का?” असं नम्रपणे विचारा. मला विचारल्यावर सोडू दिली.

सातवी गोष्ट अवघड आहे, पण सांगते. डॉक्टरांपासून लपवू नका. तंबाखू, गुटखा, रोजच्या झोपेच्या गोळ्या, आणि हो, दारू. आपल्या घरांत कुणी पीत असेल तर लाजेपोटी आपण तोंड उघडत नाही. रोज पिणाऱ्याची दारू एकदम सुटली की दोन-तीन दिवसांत जो भ्रम होतो, तो जीवघेणा ठरू शकतो. त्याला मात्र औषधच लागतं. तिथे अब्रू सांभाळताना माणूस जातो. डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा.

दोन गोष्टी प्रेमापोटी चुकतात

कुणी झमझमचं पाणी आणतं, कुणी मध. नळी असलेल्या किंवा भान नसलेल्या माणसाच्या तोंडात चमचाभर पाणी टाकलं तरी ते फुप्फुसात जाऊ शकतं. बरकत हवी म्हणून जीव धोक्यात घालायचा नाही. सिस्टरने परवानगी दिली तर ओल्या कापसाने ओठ तेवढे ओले करा.

दुसरी गोष्ट यासीनची. आपल्याकडे सूरह यासीन शेवटच्या घटकेला उशाशी वाचतात, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. अर्धवट भानात असलेल्या माणसाने ती अचानक ऐकली तर तो काय समजेल? अब्बांच्या पलंगापाशी मामूंनी वाचायला सुरुवात केली आणि अब्बांचा श्वास जोराने चालू लागला. ती बाहेर बसून जरूर वाचा. उशाशी मात्र तेच वाचा जे ते स्वतः रोज वाचत, हळू आवाजात आणि थोडा वेळ. मोबाइलवर तासन् तास तिलावत लावून ठेवली तर झोपही मोडते आणि शेजारच्या पेशंटलाही त्रास होतो.

आणि गर्दीचं. आत एकच माणूस, शक्यतो तोच तोच, हात धुऊन, अत्तर न लावता. बाकीच्यांनी पाळी लावून घ्यावी. विसाव्या माणसाने जिन्यावर बसण्याऐवजी तीमारदारी करणाऱ्याला डबा आणून दिला, दोन तास झोपू दिलं, तर त्याची अयादत जास्त कामाची.

बरळलेले शब्द

चष्मा आणि मशीन लावल्यावर अब्बा त्याच क्षणी बरे झाले, असं नाही. त्या दिवशी त्यांनी मला नावाने ओळखलं, रात्री पुन्हा गोंधळले. चार दिवस असंच वर-खाली झालं. पाचव्या दिवशी भाईजानांना त्यांनी विचारलं, “छोटा नजर नहीं आया. नाराज है क्या?” घर विकल्याचं, औषधात मिसळल्याचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. त्यांच्या लक्षात राहिलं होतं एवढंच की कुणीतरी हात बांधले होते आणि अंधारात पाणी चढत होतं.

भाईजान त्याच दुपारी पहूरला गेले आणि धाकट्याला घेऊन आले. गाडीत दोघे काय बोलले मला माहीत नाही. पण धाकट्याच्या मनातला तो जिना अजून पुरता उतरलेला नाही, हे मला दिसतं.

म्हणून हे शेवटी, आणि सर्वांत महत्त्वाचं. झोपलेल्या आणि भान हरपलेल्या माणसाचा हिशोब लिहिला जात नाही, ही आपल्या दीनची शिकवण आहे. अल्लाह ज्या शब्दांचा हिशोब धरत नाही, त्यांचा आपण का धरावा? भ्रमात केलेल्या आरोपावरून कुणाला जाब विचारू नका. अशा अवस्थेत उच्चारलेली वसीयत, हिबा किंवा तलाक आलिमांना विचारल्याशिवाय ग्राह्य धरू नका. कागदावर अंगठा किंवा सही तर मुळीच घेऊ नका. भान नसलेल्याचा करार १८७२ च्या करार कायद्यातही टिकत नाही. आणि आमिल शोधण्यात जो वेळ जातो, त्या वेळेत डॉक्टरांना “हे आज सकाळपासून असे बोलत आहेत” एवढं सांगा.

घरी आल्यावरही काही आठवडे झोप न लागणं, भीतीदायक स्वप्नं, विसरणं चालू राहू शकतं. त्यांना काय आठवतं ते बोलू द्या, हसू नका. महिन्याभरात फरक नाही पडला तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा. अब्बा आता सकाळी ओट्यावर बसतात. शिलाई सुटली, पण नातवाच्या शर्टाचं बटण त्यांनी परवा स्वतः लावलं, चष्मा लावून.

अल्लाह तआला सर्व आजाऱ्यांना शिफा देवो, आणि त्यांच्या उशाशी बसणाऱ्यांना सब्र आणि समज देवो. आमीन.